दर सांगताना आवाज का बसतो? घरून धंदा करणाऱ्या बायकांनो, या चुका टाळा

मे महिन्यात मालवणात रस्त्याकडेला माझ्या शेजारी एक वहिनी आमसुलं घेऊन बसली होती. काळीभोर, मऊ, मीठ अगदी बेताचं. माझ्या मालापेक्षा सरस, हे मी कबूल करते. मुंबईची गाडी थांबली, गृहस्थांनी दर विचारला. वहिनी म्हणाली, "पाव किलो दीडशे... पण तुमी सव्वाशे दिल्यात तरी चलात."

गाडी गेल्यावर मी विचारलं, "गो, तेनी कमी कर म्हटल्यान काय?"

"नाय. पण म्हणतलोच होतो." म्हणजे, ते गृहस्थ कमी करा म्हणणारच होते.

असं काही दिसलं की लोक म्हणतात, बायकांना आत्मविश्वास नाही, आणि एखादं व्याख्यान ठेवतात. मी अशी पाच-सहा ऐकली आहेत. टाळ्या वाजतात, समोसा मिळतो, आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक समोर आलं की आवाज पुन्हा बसतो. वहिनीला विचारलं तेव्हा कळलं, शेजारणीने दीडशे लावले म्हणून तिनेही लावले होते. हिशेब तिच्यापाशी नव्हताच. मग दर ठामपणे सांगणार कुठून?

चूक पहिली, आणि सगळ्यात महाग: हिशेबात आपले हात न धरणं

कुळथाच्या पिठाचं उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या बाजाराचे तुम्ही घाला. दहा किलो कुळीथ 1,200 रुपये. भाजायला गॅस 80, गिरण 100, पिशव्या आणि लेबलं 120. झाले 1,500. भाजून, भरडून, पाखडून, दळून हातात पीठ येतं समजा आठ किलो, म्हणजे पाव किलोच्या 32 पिशव्या. एक पिशवी पडली सत्तेचाळीस रुपयांना. आपण पन्नासला विकतो आणि खूश होतो.

आता निवडणं, भाजणं, पाखडणं, भरणं मिळून आठ तास धरा. 32 पिशव्यांचे आले 1,600, खर्च 1,500. आठ तासांचे मिळाले शंभर रुपये! कुणाच्या बागेत काजू वेचायला गेलो तर एवढ्या मजुरीवर आपण थांबू का? तासाला साठ रुपये धरले तर पिशवी बासष्टला पडते. त्यात एसटीचं भाडं आणि फुटलेल्या पिशव्या घातल्या की सत्तर हा दर आपोआप समोर येतो.

हा कागद एकदा स्वतःच्या अक्षरात लिहा आणि डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. गिऱ्हाईक "महाग आहे" म्हणालं तर त्यावर वाद घालू नका. दर सांगायचा आणि गप्प बसायचं. ते चार-पाच सेकंद फार लांब वाटतात, सवयीने कमी होतात. कमी करायचंच असेल तर पाच पिशव्यांवर किती सोडायचे ते घरून ठरवून निघा.

घरचं आहे म्हणून फुकट

नणंद, जाऊबाई, वाडीतली काकी, सगळ्यांना "चवीपुरतं" देता देता पहिल्या घाण्यातला निम्मा माल जातो. वर सगळ्या "छान झालाय हां" म्हणतात, आणि पुढच्या वेळी कुणी विकत घेत नाही. चवीला एक चमचा द्या, पिशवी पैशानेच द्या. पहिलं खरं गिऱ्हाईक अनोळखी असेल तर उत्तम. त्याने पैसे मोजून घेतलं आणि परत आला, तर ते कौतुक खरं.

माल बिघडला की "माका जमणा नाय"

इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बहुतेक धंदे इथेच बंद पडतात. आंबापोळीला बुरशी आली, सरबताची बाटली फसफसली, की बाई मालाबरोबर स्वतःलाही नापास करते. माझी पहिल्या वर्षीची अख्खी पोळी जूनमध्ये गेली. आठवडाभर मी कुणाशी नीट बोलले नाही. सासूबाईंनी मात्र एक तुकडा मोडून बघितला आणि म्हणाल्या, मधला थर ओला आहे.

झालं होतं एवढंच. मे अखेरीला ढग आले, थर पुरता सुकायच्या आत मी वर दुसरा पसरला, आणि उन्हातली गरम पोळी तशीच पिशवीत बंद केली. आत वाफ धरली, बुरशीला तेवढं पुरतं. उपाय साधे आहेत. थर पातळ पसरा, ताटाला चिकटणं पूर्ण थांबल्याशिवाय दुसरा नको, सावलीत थंड करून मगच भरा. प्रत्येक घाण्यावर तारीख टाका, म्हणजे बिघडलं तर तेवढाच बाजूला काढता येतो. एक वही ठेवा: तारीख, ऊन कसं होतं, किती दिवस वाळवलं, काय बिघडलं.

लिज्जत पापडाची गोष्ट प्रत्येक भाषणात येते. 1959 साली गिरगावात सात बायका, उसने 80 रुपये. मला त्यातला पावसाळा जास्त आवडतो. पहिल्या वर्षी पापड वाळेनात म्हणून त्यांना चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणली, खाली स्टोव्ह पेटवला आणि वर पापड वाळवले. आपल्याकडे तर पाऊस त्याहून जास्त.

पैसे नवऱ्याच्या मोबाइलवर

पिशवीवर नंबर त्यांचा, क्यूआर कोड त्यांचा, ऑर्डरचा फोनही तेच घेणार. माणूस चांगला असेल, भांडण मुळीच नाही. पण दिवसभर विकून किती आले हे आपल्याला संध्याकाळी विचारावं लागत असेल, तर धंदा आपला आहे असं वाटणार कसं? स्वतःच्या नावाचं खातं, त्याचाच कोड, पिशवीवर आपला नंबर. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, आपल्या नावाने करा, सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. खाण्याचा माल घरी बनवला तरी अन्न नोंदणी (FSSAI) लागते. तो नंबर पिशवीवर असला की दुकानदारापुढे उभं राहताना पाय कमी लटपटतात, हा माझा अनुभव.

प्रशिक्षणावर प्रशिक्षण

मसाल्याचं केलं, बेकरीचं केलं, आता मशरूमचं. भिंतीवर प्रमाणपत्रं, विक्री शून्य. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये मांडलं की आपल्याला जमेल हा भरवसा सगळ्यात जास्त स्वतः करून पाहिल्याने येतो, त्याखालोखाल आपल्यासारख्या कुणाला करताना पाहून. कोरडं प्रोत्साहन त्यानंतर. म्हणून चौथ्या प्रशिक्षणाला जाण्याऐवजी एकदा वेंगुर्ल्याला जा. तिथे मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. झाडांची नावंही त्याच सांगतात. होडीत बसा, काय काय अडलं ते विचारा, आणि तिकिटाचे पैसे पूर्ण द्या.

त्या वहिनीचं म्हणाल तर आम्ही दोघींनी जूनमध्ये पडवीत बसून तिच्या आमसुलांचा हिशेब मांडला. पाव किलो निघाले एकशे सत्तर. ती दोनदा म्हणाली, "कोण घेतलो?" म्हणजे एवढ्याला घेणार कोण? मग गणपतीला चाकरमानी येतील त्या बेताने साठ लेबलं छापायला टाकली. दर लेबलावरच घातला, तोंडाने सांगायलाच नको.