वर्ट गार करण्याआधी काय काय हाताशी हवं

वर्ट म्हणजे माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) गोड पाणी, हॉप्स ही कडवट फुलं घालून उकळलेलं; तेच आंबवून बिअर होते. पहिल्यांदा घरी बिअर करताना लोक तयारीची सुरुवात माल्ट आणि हॉप्सच्या खरेदीपासून करतात. माझं ठाम मत आहे की ती थर्मामीटरपासून करावी. फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायचं भांडं, जिथे ठेवणार त्या कोपऱ्यात आधी दोन दिवस पाण्याची बादली ठेवा आणि सकाळ-दुपार-रात्र त्या पाण्याचं तापमान टिपून ठेवा. यीस्ट कुठलं घ्यायचं ते हे आकडे सांगतील.

पाणी १६ ते १८ अंशांवर राहत असेल तर साधं एल यीस्ट (कोमट तापमानात आंबवायच्या बिअरचं) घ्या. आंबताना वर्ट स्वतः उष्णता सोडतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा दोन-चार अंश वर जातं, म्हणजे आत २० च्या आसपास भरेल. लागर यीस्टला (थंडाव्यात आंबवायच्या बिअरचं) ९ ते १३ अंश लागतात. वेगळा फ्रीज नसेल तर पहिल्या खेपेला त्या वाटेला जाऊ नका. खोली तिशीच्या वर जात असेल तर नॉर्वेकडचं क्वाइक यीस्ट बघा, ते ३० ते ४० अंशांतही नीट काम करतं. साधं एल यीस्ट एवढ्या उष्म्यात घशाला जळजळणारी, स्पिरिटसारखी चव सोडतं आणि ती नंतर कशानेच जात नाही.

आच बंद केल्यानंतर वर्टला जे जे लागणार ते उकळी येण्याआधीच धुऊन तयार हवं: फर्मेंटर, झाकण, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी झडप), नळी, चमचा, यीस्टचं पाकीट कापायची कात्रीसुद्धा. आधी घासून स्वच्छ करा, मग निर्जंतुक करा. चिकटलेल्या मळावर निर्जंतुक करणारं द्रावण ओतून काही साधत नाही. उकळत्या वर्टची काळजी नसते, पण ते कोमट झालं की हवेतले जंतू त्यात आनंदाने वाढतात. भरभर गार करायचं ते मुख्यतः म्हणूनच. दुसरं कारण असं, की वर्ट गरम असेतो त्यात उकडलेल्या मक्यासारखा वास येणारं डायमिथाइल सल्फाइड तयार होत राहतं. उकळताना ते वाफेबरोबर निघून जातं, म्हणून तेव्हा पातेल्यावर झाकण ठेवायचं नाही.

दहा लिटरच्या पातेल्याला तांब्याची कॉइल (आतून गार पाणी फिरवायची वेटोळी नळी) विकत घ्यायची गरज नाही, मोठा टब पुरतो. मात्र बर्फ सुरुवातीला घालू नका, तो वाया जातो. आधी टबात नळाचं पाणी भरा, ते तापलं की बदला, असं करत वर्ट ४० अंशांपर्यंत उतरवा, आणि मगच बर्फ. ४० वरून २० वर यायला हिशोबाने अडीच किलो बर्फ लागतो. टबातलं पाणी आणि पातेलंही गार व्हायचं असतं, म्हणून पाच किलो तयार ठेवा. निर्जंतुक चमच्याने वर्ट हळूहळू ढवळत राहा, टबातलं पाणीही हलवा. गार होताना फाटलेल्या दुधासारखे प्रथिनांचे पुंजके दिसतील. ते चांगलं लक्षण आहे, जमेल तितके पातेल्याच्या तळाशीच राहू द्या. कॉइल असेलच तर उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत वर्टमध्ये सोडा, म्हणजे आपोआप निर्जंतुक होते.

काचेच्या फर्मेंटरमध्ये गरम वर्ट कधीही ओतू नका. गार झालेलं वर्ट मात्र उंचावरून, फेस येईल असं ओता, यीस्टला सुरुवातीला प्राणवायू लागतो. वर एक चतुर्थांश जागा रिकामी सोडा. हायड्रोमीटरने (द्रवात तरंगणाऱ्या घनतामापकाने) घनता मोजून लिहून ठेवा, आणि वर्ट खरोखर २० अंशांवर आल्यावरच यीस्ट टाका. ११ ग्रॅमचं पाकीट साधारण २० लिटरला असतं, दहा लिटरला अर्धं पुरे.

पहिले तीन दिवस सर्वांत मोलाचे, कारण चव त्यातच ठरते. फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवून त्याला ओलं फडकं गुंडाळा, गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आळीपाळीने टबात सोडा आणि झाकण उघडून बघायचा मोह टाळा. एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं धरू नका. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा घनता मोजा. आकडा तोच आला तरच बाटल्या भरा, नाहीतर उरलेली साखर बंद बाटलीत आंबत राहते आणि काच फुटते.