गाविलगडला निघालात? नागपूरकरांनो, या चुका टाळा

नागपूरहून चिखलदऱ्याला जाणारी बहुतेक मंडळी गाविलगडाला एक 'पॉइंट' समजतात. भीमकुंड, पंचबोल, जेवण, आणि उरलेल्या वेळात गड. आम्हीही पहिल्यांदा असेच चार वाजता पोहोचलो आणि दरवाजातूनच माघारी फिरलो. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो, भोवती मेळघाटचं जंगल, त्यात अस्वलं. नागपूरहून अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, तेव्हा आदल्या दिवशी चिखलदऱ्यात मुक्काम करा आणि गडाला अख्खी सकाळ द्या.

दुसरी चूक, दिल्ली दरवाजाखालून खाली मान घालून जाणे. तिथे कोरलेला गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा काल्पनिक पक्षी, निवांत पाहा. अहमदशहा बहामनीच्या काळातल्या या गडाची १४८८ मध्ये डागडुजी केली ती फतहुल्ला इमादउलमुल्कने, आणि तो मूळचा विजयनगरकडचा. गंडभेरुंडही तिकडचाच. वऱ्हाडातल्या डोंगरावर तो कसा आला, याचं उत्तर मला इथेच सापडतं.

बाहेरचा तट पाहून 'झाला गड' म्हणू नका. इंग्रजही इथेच फसले होते. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज तोफांनी फोडलेल्या बाहेरच्या तटातून आत शिरली, पण पुढे घळ आणि पलीकडे आतला किल्ला. शेवटी काही शिपाई शिड्या लावून वर चढले, त्यांनी आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. गड आपल्या नागपूरकर भोसल्यांचा होता. दोनच दिवसांत भोसले आणि इंग्रजांत देवगावचा तह झाला. ती घळ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ही लढाई कळत नाही, म्हणून आतपर्यंत जाच.

पावसाळ्यात पायऱ्या शेवाळतात, तेव्हा चांगल्या पकडीचे बूट हवेत. पावसाळा सरल्यावर गवत कमरेएवढं वाढतं. पायवाट सोडू नका, गवतात झाकलेली पडकी टाकी दिसत नाहीत. तळ्यांचं पाणी पिऊ नका, प्यायचं पाणी सोबत न्या. मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून कधी परतणार ते मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघा.

कमानीखाली आग्यामोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा काहीही नको. माश्या उठल्याच तर हात झटकू नका; तोंड-मान कापडाने झाका आणि आल्या वाटेने लांब निघून जा.