शून्य मागणीची चारी

नोकरीला लागून आठ महिने झाले होते. पुण्यातली एक सल्लागार कंपनी, काम मराठवाड्यातल्या एका मध्यम प्रकल्पाचं. रब्बीच्या आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीत, कुठल्या चारीला (कालव्यातून फुटणाऱ्या छोट्या पाटाला) किती पाणी लागेल याचा अंदाज मशीन लर्निंगने बांधायचा होता. मॉडेल मीच बसवलं. चाचणीत ते नव्वद टक्क्यांच्या वर बरोबर येत होतं म्हणून साहेबांनी तो आकडा पहिल्याच स्लाइडवर मोठ्या टायपात टाकला. तक्त्यात कालव्याच्या शेपटाकडच्या तीन चाऱ्यांसमोर मागणी जवळजवळ शून्य दिसत होती. मला वाटलं, तिकडे विहिरी बऱ्या असतील, कालव्याचं पाणी लागत नसेल.

खरं तर मला ते खटकायला हवं होतं. मी परभणी जिल्ह्यातली. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा आणि आमचं गाव त्याच्या शेवटाकडे. टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेपटाचा, शेतकरी म्हणजे काय, हे मी घरातच बघत वाढले. पण लॅपटॉप उघडला की माणूस स्वतःचं गावही विसरतो, हा माझा अनुभव आहे.

मग एकदा गेट बघायला म्हणून आम्ही त्या चाऱ्यांवर गेलो. निवृत्तीला आलेले एक पाटकरी, म्हणजे कालव्याची गेटं सांभाळणारे, बरोबर होते. अस्तरीकरण फुटलेलं, चारीत गवत गुडघाभर, आणि पाणी मोजायची पट्टी होती तिथे नुसते दोन गंजलेले बोल्ट. मी विचारलं, "काका, इथं मागणी कमी का असते?" ते हसले. म्हणाले, "मॅडम, पाणीच येईना म्हणल्यावर अर्ज कोन करतंय? अर्ज केला की पाणीपट्टीची आकारणी मागं लागती."

माझ्या मॉडेलचा सगळा खुराक म्हणजे नमुना सातचे अर्ज. कालव्याचं पाणी हवं असेल तर शेतकरी नमुना नंबर ७ भरतो, त्यावर पीक आणि क्षेत्र लिहितो, मंजुरी मिळते आणि शाखेत नोंद होते. मी बारा वर्षांच्या नोंदी गोळा केल्या होत्या आणि 'मागणी' या नावाच्या रकान्यात भरल्या होत्या. प्रत्यक्षात तो रकाना मागणीचा नव्हताच. पाणी मिळेल अशी आशा ज्यांना अजून होती, त्यांची ती मोजदाद होती. टेलवाल्यांनी आशा सोडली, अर्ज थांबले, नोंद शून्य झाली. ते शून्य मॉडेल इमानदारीने शिकलं आणि पुढच्या आवर्तनात त्या चाऱ्यांना पाणी सोडू नका असं सुचवायला तयार झालं. पुढच्या वर्षीही अर्ज आले नसते, आणि मॉडेल पुन्हा बरोबर ठरलं असतं. नव्वद टक्के अचूकता आली कुठून, तर ज्या वर्षांवर मी चाचणी घेतली त्या वर्षांतही टेल गप्पच होतं.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे फोन येतात, तेव्हा पहिला प्रश्न असतो की कोणता कोर्स करू. त्याचं उत्तर पुढे देते. त्याआधी एक सांगते. समीकरणात राजकारण शोधत बसू नका. ते समीकरणाच्या आधी शिरलेलं असतं, रकान्याला नाव देताना.

हेच मोठ्या पटावर बघायचं असेल तर गोदावरी खोऱ्यात नगर-नाशिकची वरची धरणं आणि खालचं मराठवाड्याचं जायकवाडी यांचं भांडण मुळातून वाचा. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा २००५ सालचा. त्याच्या बाराव्या कलमात एक पोटकलम आहे. त्याचा मथितार्थ असा, की टंचाईची झळ खोऱ्यात सगळ्यांनी सारखी सोसावी म्हणून ऑक्टोबरअखेर सगळ्या धरणांतल्या पाण्याची टक्केवारी, खरिपाचा वापर धरून, साधारण सारखी ठेवायची. वाचायला किती सोपं. आता याचं मॉडेल करायला बसा. टक्केवारी कशाची? वरच्या धरणांनी जुलैपासून कालव्यात सोडलेलं पाणी खरिपाचा वापर म्हणून धरायचं, तर ते मोजलं कुणी? कालव्यावरून भरून घेतलेली शेततळी साठ्यात मोजायची की वापरात? विहिरींचं काय? या प्रत्येक प्रश्नाला नगर-नाशिकचं उत्तर एक आणि मराठवाड्याचं दुसरं. दोन्हीकडचे इंजिनिअर हुशार आहेत आणि गणित दोघांचंही बरोबर असतं.

मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला, त्याच्या आधारे प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश काढला आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आला. या सगळ्यातून एक आकडा लोकांच्या तोंडी बसला तो ६५. जायकवाडीचा उपयुक्त साठा १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. पुढे मांदाडे अभ्यासगटाने फेरविचार करून ६५ च्या जागी ५८ सुचवले आणि मराठवाड्यात पुन्हा गदारोळ झाला. बाहेरच्या माणसाला वाटतं, सात टक्क्यांसाठी एवढं काय? जायकवाडीचा उपयुक्त साठा २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे साधारण ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्याचे सात टक्के ५.४ टीएमसीच्या आसपास होतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये वरून जे सोडायचं ठरलं ते सगळं मिळून ८.६ टीएमसी होतं, आणि तेवढ्यासाठी रस्त्यावर आंदोलनं झाली. शिवाय सोडलेलं सगळं पैठणला, म्हणजे जायकवाडीच्या धरणात, पोचतं असं नाही. वाटेत कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, नदीकाठच्या मोटारींची वीज बंद ठेवावी लागते, कोरडं पात्र आपला वाटा घेतं. याला आम्ही वहनव्यय म्हणतो. तो किती धरायचा, हाही पुन्हा वादाचा मुद्दा.

मी विद्यार्थ्यांना एक व्यायाम देते. ६५ आणि ५८ या दोन आकड्यांपैकी एकाची बाजू घ्या, त्याचं समर्थन करणारं मॉडेल बांधा. दुसऱ्या दिवशी बाजू बदला. दोन्ही मॉडेलं उभी राहतात, आणि तेही डेटाला हात न लावता. फक्त सुरुवातीचं वर्ष, वहनव्यय आणि खरिपाच्या वापराची व्याख्या हलवायची. हे केल्यावर मुलं थोडा वेळ गप्प असतात.

कृष्णेचं उदाहरण याहून जुनं. राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून द्यायला नेमलेल्या बच्छावत लवादाने १८९४-९५ ते १९७१-७२ अशी ७८ वर्षांची मालिका घेतली, चारपैकी तीन वर्षं खात्रीने मिळेल एवढं म्हणजे ७५ टक्के विश्वासार्हतेचं पाणी काढलं, ते आलं २०६० टीएमसी. त्यानंतरच्या ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये १९६१-६२ पासूनची ४७ वर्षं घेतली, विश्वासार्हता ६५ टक्क्यांवर आणली आणि वाटपाला आकडा मिळाला २२९३. ही सगळी वाढ पावसाने केलेली नाही. जास्त पाणी वाटायचं, तर वाईट वर्षंही जास्त येणार आणि ती कुणीतरी सोसायची, असा तो निर्णय होता. परीक्षेत मात्र आम्हाला 'विश्वासार्हता' हा हायड्रॉलॉजीचा धडा म्हणून आला, पाच मार्कांना.

लहान गोष्टीतही तेच होतं. अपधाव, म्हणजे पावसाचं जमिनीवरून वाहून जाणारं पाणी, काढायला सगळे कर्व्ह नंबर पद्धत वापरतात. ती अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याची, १९५० च्या दशकातली. पाणी वाहू लागण्याआधी जमीन किती गिळेल, त्याचा गुणांक तिथे ०.२ धरलेला आहे आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच आपोआप येतो. आपल्याकडच्या जमिनींसाठी ०.१ आणि ०.३ असे वेगळे गुणांक सुचवलेले आहेत, पण ते हाताने भरावे लागतात आणि डेडलाइनच्या आदल्या रात्री कुणी भरत नाही. त्यातून काळी जमीन सॉफ्टवेअरच्या लेखी पाणी न मुरणारी. मृगाच्या पहिल्या पावसात काळ्या रानात उभं राहून बघा. हात आत जाईल एवढ्या भेगा असतात, पाणी आवाज करत आत जातं. महिन्याभराने तेच रान पाण्याचा थेंब घेत नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे येते, कारण मुलाखतीत हल्ली तेच विचारतात. पाण्याच्या कामात ती बिनकामाची आहे असं मी म्हणत नाही. पुराच्या अंदाजात तिने खरंच काम केलं आहे. गूगलने पुराच्या इशाऱ्याचा पहिला प्रयोग २०१८ मध्ये पाटण्याजवळ केला, तेव्हापासून ही पद्धत फार पुढे गेली. पण तिथे ती का चालते, हे समजून घ्या. २०१९ च्या पुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. ती पट्टीवर दिसली, लिहून ठेवली गेली. पूर अर्ज करून येत नाही. मागणी अर्ज करून येते आणि अर्ज करायची ऐपत, वेळ, विश्वास सगळ्यांकडे सारखा नसतो. एकच तंत्र दोन्हीकडे लावलं तर एका ठिकाणी नदी शिकवते आणि दुसऱ्या ठिकाणी कचेरीची फाइल.

'रिस्पॉन्सिबल एआय' या शब्दाचं प्रत्येक निविदेत एक पान असतं. नीती आयोगाने २०२१ मध्ये जबाबदार वापराची तत्त्वं मांडली, ती वाचा, चांगली आहेत. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने पाणीपुरवठा चालवण्यातल्या सुरक्षेशी निगडित एआयला जास्त जोखमीच्या यादीत टाकलं आहे, तेही वाचा. पण आमच्या त्या प्रकल्पाच्या अहवालातही ते पान होतं. निष्पक्षता, पारदर्शकता, उत्तरदायित्व, सगळं होतं. मीच लिहिलं होतं, आणि त्याच अहवालात तीन चाऱ्यांसमोर शून्य होतं. जातीचा किंवा धर्माचा रकाना वापरला नाही, म्हणजे निष्पक्षता झाली अशी माझी समजूत होती. कालव्यावर कोण कुठे आहे हाच तिथला भेदभाव असतो, आणि तो चारीच्या क्रमांकात लपलेला असतो.

कोर्सचं म्हणाल तर रूढ मार्ग आहेतच. आयआयटी रुरकीचा जलविज्ञान विभाग, आयआयटी मुंबईतलं ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारं सितारा केंद्र, परदेशात जायचं तर नेदरलँड्समधलं डेल्फ्ट. पायथन आणि नकाशांचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस आलंच पाहिजे, दोन्ही फुकट आहेत, त्यावर वेगळं लिहीत नाही. मला स्वतःला जास्त उपयोग झाला तो तीन गोष्टींचा. पहिली, शासन निर्णय वाचायची सवय. कंटाळवाणे असतात, पण कोणता आकडा कुठून आला ते तिथेच सापडतं. दुसरी, एक आख्खं आवर्तन कालव्यावर काढणं. पाणी सुटल्यापासून बंद होईपर्यंत, रात्रीसकट, कारण गेटचे खरे व्यवहार रात्री होतात. शेजपाळी, म्हणजे शेतकऱ्यांनी ओळीने पाणी घ्यायचा क्रम, कागदावर कशी लागते आणि रानात कशी, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की कोणत्या नोंदीवर किती भरवसा ठेवायचा ते कळतं. तिसरी गोष्ट सोपेकॉम, ॲक्वाडॅम अशा पुण्यातल्या संस्थांचं लेखन. पाणी वापर संस्था, भूजल, समन्यायी वाटप यांवर तिथल्या लोकांनी गावात बसून काम केलं आहे. इंजिनिअरिंगच्या वर्गात यातलं नावसुद्धा ऐकलं नव्हतं.

आणि गृहीतकं मराठीत लिहा. इंग्रजीत 'डिमांड वॉज एस्टिमेटेड फ्रॉम डिपार्टमेंटल रेकॉर्ड्स' लिहिलं की कुणाला काही वाटत नाही. मराठीत लिहायला गेलं की 'ज्यांनी अर्ज केला नाही त्यांना पाणी नको असं धरलं आहे' असं लिहावं लागतं, आणि लिहितानाच हात अडखळतो.

माझ्या त्या मॉडेलचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. पाटकरी काकांकडे एक वही होती, शाळेची, दोनशे पानी. कोणत्या दिवशी कुठलं गेट किती वेळ उघडं होतं, ते त्यांनी वर्षानुवर्षं त्यात लिहिलं होतं, स्वतःसाठी, भांडण झालं तर असावं म्हणून. त्यांच्या परवानगीने मी तिचे फोटो काढले. त्यावरून पाणी पोचलं होतं तरी अर्ज आला नाही अशी वर्षं आणि पाणी पोचलंच नाही अशी वर्षं वेगळी केली. मग उपग्रहाच्या चित्रांतून रब्बीत तिथे किती रान हिरवं असतं ते बघितलं. तीन चाऱ्यांपैकी एकीवर खरंच विहिरी होत्या, मागणी कमीच होती. उरलेल्या दोघींबद्दल प्रामाणिक उत्तर एकच होतं, माहिती नाही.

साहेब म्हणाले, करारात खात्याच्या नोंदींवरून अंदाज बांधायचा असं लिहिलंय, वहीवरून नाही. थोडी वादावादी झाली. शेवटी वही परिशिष्टात गेली आणि त्या दोन चाऱ्यांचा रकाना कोरा ठेवायचं ठरलं. पण डॅशबोर्ड बनवणाऱ्या मुलाचं सॉफ्टवेअर कोरा रकाना घेईना. माहिती नसेल तिथे आमच्या धंद्यात उणे ९९ घालायची पद्धत आहे, तसं त्याने घातलं, आणि कुणाला सांगितलं नाही.

सादरीकरणाच्या दिवशी पडद्यावर दोन चाऱ्या लालभडक दिसत होत्या, मागणी उणे ९९. कार्यकारी अभियंत्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "मॅडम, हे टेलवाले काय आपल्यालाच उलटं पाणी देणार आहेत का?" सगळे हसले. मग त्यांनी परिशिष्टाचा पान नंबर विचारला.