इंग्लंडला जाताय? घराआधी शाळेचं बघा

बहुतेक जण आधी घर घेतात, मग शाळा शोधतात. उलटं करा. तिथल्या सरकारी शाळा मोफत असतात, पण प्रवेश बऱ्याचदा घर किती जवळ आहे यावर ठरतो आणि नावाजलेल्या शाळेत वर्षाच्या मध्येच जागा मिळणं अवघड. म्हणून भाडेकरारावर सही करण्याआधी त्या भागातल्या कौन्सिलला, म्हणजे स्थानिक पालिकेला विचारा, मुलाच्या इयत्तेत जागा कुठे आहे? भावंडं असतील तर दोघांचंही विचारा, नाहीतर रोज सकाळी पावणेनऊला दोन टोकांना धावाल! ऑफस्टेडचे, म्हणजे शाळांची तपासणी करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेचे अहवाल वाचाच. पण घरातलं कोणी आधी गेलं असेल, तर शाळा सुटताना फाटकाशी दहा मिनिटं उभं राहून जास्त कळतं. इयत्ता १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट अशा जन्मतारखेवरून ठरते. आपल्याकडचं चौथीतलं पोर तिथे थेट 'इयर फाइव्ह'मध्ये बसलं तर दचकू नका.