सहीआधीची धाकधूक

बडोद्यातल्या दांडिया बाजारातलं भाड्याचं घर सोडून वाघोडिया रोडला फ्लॅट घ्यायचं ठरलं आणि माझी झोपच उडाली. वीस वर्षं हप्ते! सूरसागर तलावाभोवती रोज फेऱ्या मारल्या. पाय दुखले, घोळ तसाच.

बेंजामिन फ्रँकलिनने १७७२ मध्ये शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टलीला पत्रातून सुचवलेली युक्ती करून पाहिली: कागदावर मधोमध रेघ, एकीकडे बाजूचे मुद्दे, दुसरीकडे विरोधाचे. उत्तर काही मिळालं नाही. पण विरोधातल्या पाचपैकी चार ओळी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगत होत्या: हप्ता झेपेल का?

हे मात्र तपासता येण्यासारखं होतं. ३० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं म्हणजे हप्ता जवळपास २६,००० रुपये. भाडं ९,०००. वरचे १७,००० मी तीन महिने, एक तारखेलाच, वेगळ्या खात्यात टाकले. पहिला महिना सुरळीत गेला. दुसऱ्यात आईचा चष्मा आणि स्कूटरचं टायर एकदमच आलं. चार हजार परत काढले. तिसऱ्यातही तेच, पण कारण सांगत नाही (सेव-उसळ धरून).

आई म्हणाली, "अरे, चार हजारांनी अडतंय ना? मग तेवढं लहान घर बघ."

कर्ज २५ लाखांवर आणलं, हप्ता २१,७०० च्या आसपास आला. शिवाय फ्लोटिंग (म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या) दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर बँक दंड लावू शकत नाही, हेही कळलं. सही करताना हात थोडा थरथरला, पण आदल्या रात्री झोप लागली होती.