डोंगरातल्या अनाकलनीय मृत्यूविषयीचे तर्क कसे तपासावेत

डोंगरात एकटा गेलेला माणूस मृतावस्थेत सापडला आणि मृत्यूचे कारण लगेच कळले नाही, की दोन-तीन दिवसांत ऑनलाइन तर्कवितर्कांना उधाण येते. पायात बूट का नव्हते, जी घळ शोधून झाली होती तिथेच मृतदेह नंतर कसा सापडला, बंद पडलेला फोन पुन्हा चालू कसा झाला, असे प्रश्न विचारले जातात आणि उत्तर बहुतेक वेळा 'घातपात' या शब्दापाशी येऊन थांबते. प्रश्न विचारण्यात गैर काहीच नाही. घरच्यांनाही तेच प्रश्न छळत असतात. मात्र ते तपासण्याची एक रीत आहे, आणि ती न पाळल्यास त्या दिवशी मृताच्या सोबत असलेल्या किंवा त्याला शेवटचे पाहिलेल्या माणसावर विनाकारण आळ येतो.

सर्वप्रथम कागदावर दोन रकाने आखावेत. डाव्या रकान्यात कोणीतरी प्रत्यक्ष पाहिलेले, मोजलेले किंवा नोंदवलेले तेवढेच लिहावे आणि ते कोणी व केव्हा पाहिले हेही तिथेच नोंदवावे. बाकी सारे उजवीकडे जावे. 'तो घाबरून पळत सुटला' हे वाक्य उजवीकडचे आहे, 'सामान तंबूतच होते' हे डावीकडचे. एवढे केले तरी निम्म्याहून अधिक मजकूर उजवीकडे सरकतो, असा माझा अनुभव आहे.

या रीतीची कसोटी पाहायची असेल तर द्यातलोव्ह प्रकरण घ्यावे. उत्तर उरल पर्वतात 1959 च्या फेब्रुवारीत इगोर द्यातलोव्ह यांच्या नेतृत्वाखाली स्कीवरून निघालेल्या तुकडीतील नऊ जण मृत्युमुखी पडले. तंबू आतून कापलेला होता, काहींच्या अंगावर जेमतेम अंतर्वस्त्रे होती, काहींच्या बरगड्या मोडल्या होत्या, एका स्त्रीची जीभ नव्हती, आणि काही कपड्यांवर किरणोत्सर्गाच्या खुणा मिळाल्या. त्या वर्षीचा तपास एका अनिवार नैसर्गिक शक्तीकडे बोट दाखवून मे महिन्यात बंद झाला, आणि त्या मोघमपणामुळे पुढची साठ वर्षे गुप्त शस्त्रांपासून परग्रहवासीयांपर्यंत सर्व काही बोलले गेले. आता डावा रकाना सावकाश वाचावा. जीभ नसलेला मृतदेह तीन महिन्यांनी, बर्फ वितळू लागल्यावर घळीत सापडला होता, आणि शरीराचे मऊ भाग पाण्यामुळे व प्राण्यांमुळे सर्वांत आधी नष्ट होतात. झाडाखाली मरण पावलेल्या दोघांचे कपडे मागे उरलेल्यांनी ऊब मिळावी म्हणून काढून घेतले होते. मृतांचे उघडे अंग हा जिवंतांच्या धडपडीचा पुरावा होता. रशियन सरकारी वकिलांनी 2019 मध्ये प्रकरण पुन्हा हाती घेऊन 2020 मध्ये हिमस्खलनाचा निष्कर्ष जाहीर केला. त्यानंतर 2021 मध्ये योहान गोम आणि अलेक्झांडर पुझ्रिन या स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी गणिताने दाखवले, की तंबूसाठी उतार कापल्यावर आणि वाऱ्याने वर बर्फ साचत गेल्यावर काही तासांच्या विलंबाने बर्फाची लहानशी लादी सुटू शकते, आणि झोपलेल्या माणसाच्या बरगड्या मोडायला ती पुरेशी असते. तंबूबाहेर पडल्यानंतरच्या प्रत्येक घटनेचा उलगडा झाला, असा दावा मात्र त्यांनी केला नाही. हा संयम अनुकरणीय आहे: जेवढे स्पष्ट होते तेवढेच स्पष्ट झाले म्हणावे.

यानंतर, विचित्र वाटणाऱ्या प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचारावा: थंडी, उंची, पाणी, प्राणी आणि उतार यांच्यापैकी कोणाला हे करता येईल? सर्वांत जास्त गैरसमज कपड्यांविषयी होतात. शरीराचे आतले तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की हायपोथर्मिया सुरू होतो. त्यासाठी बर्फ असावाच लागतो असे नाही, भिजलेले अंग आणि वारा पुरेसा असतो. आधी थरथर सुटते, बोटे बटण लावायलाही ऐकत नाहीत, मग थरथर थांबते आणि विचारशक्ती मंदावते. अखेरच्या टप्प्यात, आकसून राहिलेल्या त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या एकाएकी सैल पडतात आणि गारठून मरणाऱ्या माणसाला अंगाची आग होत असल्यासारखे वाटते, असे मानले जाते. तो जॅकेट काढतो, बूट काढतो, कधी सारेच कपडे काढून इतस्ततः टाकतो. काही जण शेवटी खडकाच्या कपारीत किंवा झुडपाखाली शिरून अंग मुडपून घेतात. असा मृतदेह पाहणाऱ्याला कोणीतरी कपडे उतरवून तो लपवला असेच वाटेल. न्यायवैद्यकात मात्र हे वर्तन परिचित आहे. गारठ्याने आलेल्या मृत्यूची निर्विवाद अशी एकही खूण नसते. जठराच्या आतील आवरणावरचे काळपट ठिपके, गुडघ्या-कोपरांवरची लाली असे काही मिळते किंवा मिळतही नाही. इतर कारणे एकेक करून बाजूला सारल्यावरच डॉक्टर त्या निष्कर्षाला येतात, म्हणून उत्तराला वेळ लागतो.

कड्यावरून घसरताना बूट निसटू शकतात आणि कपडे फाटतात. वीज पडलेल्या माणसाच्या अंगावर कधी नावालाही खूण उरत नाही. अडीच हजार मीटरच्या वर मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. तसे झाल्यास अनुभवी माणूसही झोकांड्या देत भलत्याच वाटेला लागतो. आणि धडधाकट दिसणाऱ्याचे हृदय चढावर अचानक बंद पडू शकते, ही शक्यता तर्कांच्या गर्दीत फार क्वचित मांडली जाते.

फोनच्या बाबतीत घाई करू नये. टॉवरच्या नोंदीवरून माणूस कोणत्या परिसरात होता एवढेच कळते, नेमकी जागा कळत नाही. धारेवर उभ्या असलेल्याचा फोन जवळचा टॉवर सोडून दरीपलीकडचा दूरचा टॉवर पकडू शकतो. शेवटच्या नोंदीची वेळ ही मृत्यूची वेळ नव्हे. थंडीत बॅटरीचा विद्युतदाब उतरून फोन बंद पडतो, आणि खिशात ऊब मिळाल्यावर तोच फोन पुन्हा सुरू करता येतो. उंच कड्यांलगत जीपीएसचे संकेत खडकावरून परावर्तित होऊन येतात, त्यामुळे नकाशावरचा ठिपका कित्येकदा माणूस जिथे कधी गेलाच नाही तिथे दिसतो.

'ती जागा तर आधीच पाहिली होती' या वाक्याचाही अर्थ नीट लावावा. शोधपथके एखादा पट्टा पिंजून काढतात तेव्हा तिथे असलेली व्यक्ती नजरेस पडण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधतात, आणि ती शक्यता कधीच शंभर टक्के नसते. दाट झुडपात दहा पावलांवरचे निश्चल शरीर दिसत नाही. रंग मातीशी मिळतो, आवाजाला उत्तर येत नाही. नंतर पाने झडतात, बर्फ ओसरते, आणि तेच शरीर सहज दिसते.

अधिकृत निवेदन शब्दशः वाचावे. मृत्यूचे कारण वेगळे आणि मृत्यूचा प्रकार वेगळा: डोक्याला मार हे कारण, तर नैसर्गिक, अपघाती, आत्महत्या, हत्या किंवा अनिश्चित हा प्रकार. त्याच कड्यावरून पाय घसरला काय किंवा कोणी ढकलले काय, शवविच्छेदनात मार सारखाच दिसू शकतो. म्हणून 'अनिश्चित' या शब्दाचा अर्थ 'लपवाछपवी' असा करू नये. उपलब्ध पुरावा एका बाजूला झुकत नाही, एवढेच त्यात म्हटलेले असते.

घातपाताची शक्यता मुळातून नाकारावी, असे मी म्हणत नाही. आल्प्समध्ये 3,210 मीटर उंचीवर 19 सप्टेंबर 1991 रोजी सापडलेला मृतदेह सुरुवातीला अलीकडच्या गिर्यारोहकाचा वाटला होता. तो पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा निघाला आणि ओत्सी या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याचा अंत थंडीने आणि थकव्याने झाला असावा, असे अभ्यासक बराच काळ मानत होते. 2001 मध्ये क्ष-किरण तपासणीत त्याच्या डाव्या खांद्यात रुतलेले गारगोटीचे बाणाग्र (बाणाचे टोक) दिसले. कोणीतरी त्याला पाठीमागून मारले होते. इतकी काळजीपूर्वक तपासलेली गोष्टही दहा वर्षे हाती लागली नव्हती, आणि अखेर ती अंदाजाने नव्हे तर शरीरातल्या एका वस्तूने सिद्ध झाली. तेव्हा हत्येचा तर्क मांडणाऱ्याला नम्रपणे विचारावे: तुमचे बाणाग्र कोणते?

ते दाखवता येत नसेल तर कोणत्याही जिवंत व्यक्तीचे नाव लिहू नये, सूचकपणेही नाही. सोबती वेगवेगळे जबाब देतो याचे कारण भूक, थंडी आणि धक्का यांनी विस्कटलेली स्मृती असू शकते. मृतदेहाची छायाचित्रे पुढे पाठवू नयेत.

आपण स्वतः त्या दिवशी त्याच वाटेवर असू, तर मात्र गप्प राहू नये. आपली छायाचित्रे न कापता, न सुधारता, मूळ फाइलच्या स्वरूपात तपास यंत्रणेकडे द्यावीत, अगदी नुसत्या ढगांची किंवा पायवाटेची असली तरी. मागे दूरवर दिसणारा रंगीत ठिपका कदाचित तोच असेल. कॅमेऱ्याचे घड्याळ पुष्कळदा चुकीचे लावलेले असते. ते दुरुस्त न करता त्याच कॅमेऱ्याने एखाद्या अचूक घड्याळाचे छायाचित्र काढून तेही सोबत द्यावे, म्हणजे दोन वेळांतला फरक तपास करणाऱ्यांना मोजता येतो.