ऑटो स्टॉप चालत नाही? कंपनीशी भांडायच्या आधी

गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद व्हायला हवं, होत नाही. मे महिन्यात एसी पूर्ण जोरात असेल तर तो दोष नव्हे. केबिन गार होईस्तोवर यंत्रणा इंजिन चालूच ठेवते. सीटबेल्ट सुटा असला तरी तेच.

बहुतेकदा गोम बॅटरीत असते. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी स्टार्ट न करता मल्टिमीटरनं मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास ठीक, १२.४ च्या खाली आधी चार्जिंग. तालुक्याच्या दुकानात स्वस्तातली साधी बॅटरी टाकली असेल तर ती लवकर बसणारच. इथं ईएफबी किंवा एजीएमच लागते, म्हणजे इंजिन वारंवार बंद-चालू होणं झेपेल अशी खास बॅटरी.

मायलेजसाठी डॅशबोर्डचा आकडा धरू नका. पहिल्या कटऑफपर्यंत, म्हणजे पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, ४००-५०० किमीनंतर त्याच पंपावर तशीच भरा. किलोमीटर भागिले लिटर. ऑटो स्टॉप इंधन वाचवतो तो गाडी थांबल्यावरच. आमच्या सिंदेवाही-मूलसारख्या गावाकडच्या रस्त्यावर सिग्नल किती? तिथं बचत नगण्यच.

तरीही दोष दिसला तर सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डवर (कामाच्या नोंदपत्रावर) तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या; नुसत्या ‘चेक केलं, ओके’वर सही नको. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन. जिल्हा ग्राहक आयोगात जायची मुदत २ वर्षं, ५ ते १० लाखांच्या गाडीला फी २०० रुपये.